केळ्याच्या आकाराचे रेणू आणि तुमची स्क्रीन: ‘बनाना’ लिक्विड क्रिस्टल म्हणजे नेमकं काय?

नवा फोन घेताना आपण डिस्प्लेच्या ओळीत काय बघतो? एलसीडी आहे की अ‍ॅमोलेड, रिफ्रेश रेट ६० की १२०, ब्राइटनेस किती निट्स. मग पुढे रॅम. एलसीडीतलं ‘एलसी’ म्हणजे लिक्विड क्रिस्टल हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते लिक्विड नक्की कसलं असतं हे कुणी विचारत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत त्यावर एक चार मार्कांचा प्रश्न असायचा. नेमॅटिक, स्मेक्टिक, कोलेस्टेरिक ही तीन नावं, तीन आकृत्या आणि प्रत्येक आकृतीत सरळ काड्या. पाठ करा, काढा, पुढच्या प्रश्नाकडे वळा.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे माझ्यासाठी विषय तिथेच संपला होता. पण मध्यंतरी डिस्प्ले पॅनेलबद्दल वाचत असताना लिक्विड क्रिस्टलचं एक असं घराणं सापडलं, ज्यात काड्या सरळ नसतात. रेणू मधेच वाकलेला असतो, कोपरात दुमडलेल्या हातासारखा. शास्त्रज्ञ त्यांना चक्क ‘बनाना’ म्हणतात, तेही रिसर्च पेपरच्या शीर्षकात. १९९६ साली हे रेणू चर्चेत आले तेव्हा अनेकांना वाटलं की पुढचा सुपरफास्ट डिस्प्ले यातूनच येणार. तो आला नाही. पण या रेणूंनी एक वेगळीच गोष्ट करून दाखवली, आणि मला विचाराल तर ती डिस्प्लेपेक्षा कितीतरी भारी आहे.

आधी सरळ काड्या समजून घेऊ

पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे बघा आणि मान हळूहळू तिरकी करा. एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळी पडते. कारण एलसीडीतून बाहेर पडणारा उजेड एकाच दिशेत कंप पावणारा असतो. मागे बॅकलाइट, त्यापुढे एक पोलरायझर, मग काही मायक्रॉन जाडीचा लिक्विड क्रिस्टलचा थर (आपला केस याच्या दहापट तरी जाड असतो), आणि पुढे दुसरा पोलरायझर. लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही. तो फक्त उजेडाची दिशा फिरवतो, आणि किती फिरवतो त्यावर पुढच्या पोलरायझरमधून किती उजेड सुटणार हे ठरतं. प्रत्येक सब-पिक्सेलवर असा एक दारवान बसलेला असतो.

हे जमतं कारण लिक्विड क्रिस्टल पाण्यासारखं वाहतं, पण त्याचे रेणू साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. नदीत सोडलेले ओंडके जसे प्रवाहाच्या दिशेने लांबट पडून वाहतात, तसं काहीसं. जागा बदलते, दिशा टिकते. ही नेमॅटिक अवस्था. रेणू दिशेसोबत थरही धरायला लागले की ती स्मेक्टिक. हा शब्द साबणासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय, आणि ओल्या साबणाचा बुळबुळीतपणा आठवला तर थर एकमेकांवरून कसे सरकतात हे लगेच कळतं.

या सगळ्याची सुरुवात १८८८ साली प्रागमध्ये झाली. फ्रीड्रिश रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ ते तापवत होते, तर तो दोनदा वितळला! १४५.५ अंश सेल्सिअसला घट्ट पदार्थाचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव एकदम स्वच्छ झाला. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांना पत्र लिहिलं, लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यातून ‘द्रव स्फटिक’ ही कल्पना आली. डिस्प्लेला लागणारा रेणू मिळायला मात्र १९७३ उजाडलं. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफिनाइल नावाचे रेणू बनवले, जे साध्या खोलीच्या तापमानाला नेमॅटिक राहतात आणि हवेने खराब होत नाहीत. डिजिटल घड्याळं, कॅल्क्युलेटर हे सगळं त्यानंतर झपाट्याने पसरलं.

आता मुद्द्याची गोष्ट. नेमॅटिकमधल्या काड्यांना डोकं आणि शेपूट असलं, तरी निम्म्या वर तोंड करून असतात आणि निम्म्या खाली. म्हणजे एकूण हिशोब शून्य. त्यामुळे व्होल्टेज प्लस दिला काय आणि मायनस दिला काय, काड्या सारख्याच वळतात. ऑन करताना आपण त्यांना ढकलू शकतो, पण ऑफ करताना उलटं ढकलायची सोय नाही. व्होल्टेज काढायचा आणि त्या आपोआप जागेवर येण्याची वाट बघायची. दाराला स्प्रिंग लावलीय, उघडणं तुमच्या हातात, बंद होणं स्प्रिंगच्या मर्जीवर. याला काही मिलिसेकंद जातात. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमच्या वाट्याला ८.३ मिलिसेकंद येतात, त्यामुळे हा उशीर डोळ्याला जाणवू शकतो. स्क्रोल करताना अक्षरांमागे जी पुसट शेपटी दिसते, तिचं एक मोठं कारण हेच. थंडीत हे लिक्विड आणखी घट्ट होतं, म्हणून बर्फाळ भागात एलसीडी सुस्तावते.

म्हणजे डिस्प्लेवाल्यांना हवं होतं काय? असं लिक्विड क्रिस्टल ज्यात रेणूंची विद्युत दिशा सगळ्यांची एकच असेल. मग प्लसने एकीकडे ढकला, मायनसने दुसरीकडे. दोन्ही वेळा धक्का आपलाच. अशा पदार्थाला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात.

१९७५ मध्ये रॉबर्ट मायर आणि फ्रान्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरक्या थरांच्या स्मेक्टिकमध्ये हे साधता येतं हे दाखवलं. अट एकच होती, रेणू ‘कायरल’ हवा. कायरल म्हणजे डावा-उजवा भेद असलेला. तुमची डावी चप्पल आणि उजवी चप्पल आरशातली जोडी आहे, पण डावी कितीही फिरवली तरी ती उजव्या पायात बसत नाही. काही रेणूही असेच असतात. १९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी हे पदार्थ दोन काचांच्या अगदी बारीक फटीत बसवले आणि मिलिसेकंद सोडाच, मायक्रोसेकंदांत स्विच करून दाखवले. हे तंत्र पुढे कॅमेऱ्यांच्या छोट्या व्ह्यूफाइंडरमध्ये वापरलंही गेलं. मोठ्या स्क्रीनला मात्र ते मानवलं नाही, कारण काचेला जरा धक्का बसला की थरांची घडी विस्कटायची आणि परत जुळायची नाही. तरी सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: फेरोइलेक्ट्रिक हवं तर रेणू कायरल हवा.

१९९६: टोकियोतून आलेली केळी

हा समज टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या गटाने मोडला. तेरुकी निओरी, जुन्जी वातानाबे, हिदेओ ताकेझोए आणि सहकारी. त्यांनी घेतलेला रेणू मधोमध साधारण १२० अंशांत वाकलेला होता. बेंझीनच्या षटकोनी कड्याला दोन बाहू जोडायचे, पण समोरासमोरच्या कोपऱ्यांना नाही, एक कोपरा सोडून पुढच्याला. झाला वाकडा रेणू. हा रेणू कायरल अजिबात नाही. आरशातला रेणू आणि खरा रेणू तंतोतंत एकमेकांवर बसतात. तरीही व्होल्टेज देताच या पदार्थाने विद्युत दिशा असल्याची खूण दिली.

का, हे समजायला केळेवाल्याच्या गाडीपर्यंत जा. सुटी केळी टोपलीत नीट रचायची तर तो काय करतो? सगळ्यांचा बाक एकाच बाजूला. एकाचा बाक उजवीकडे आणि शेजारच्याचा डावीकडे ठेवला तर मधे पोकळी राहते. रेणूंचंही तेच. थरात दाटीवाटीने बसायचं तर सगळ्यांची कोपरं एकाच दिशेला हवीत. आणि रेणूची थोडी विद्युत असमानता कोपराच्या दिशेने असते, त्यामुळे सगळी कोपरं एकीकडे झाली की आख्ख्या थराला विद्युत दिशा मिळते. नुसत्या आकारामुळे! मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण यात गुंतागुंतीचं काहीच नाही. रेणू फक्त जागा वाचवतायत.

पुढच्या तपासणीत एक दुरुस्ती झाली. एका थरात कोपरं उजवीकडे असतील तर पुढच्या थरात डावीकडे, असं एकाआड एक चालतं, म्हणजे व्होल्टेज नसताना एकूण हिशोब पुन्हा शून्य. याला अँटीफेरोइलेक्ट्रिक म्हणतात. व्होल्टेज दिला की सगळे थर एका दिशेला येतात, पण तो काढला की परत जैसे थे. तरी पहिला मुद्दा कायम राहिला: थराला विद्युत दिशा द्यायला कायरल रेणू लागत नाही.

१९९७: डावं-उजवं आलं कुठून?

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोलोराडोच्या बोल्डरमध्ये डॅरेन लिंक, नोएल क्लार्क, रसायनतज्ज्ञ डेव्हिड वाल्बा आणि इतरांनी हा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला. ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या पेपरचं सार असं: हे रेणू कायरल नाहीत, पण ते थरात बसले की थर कायरल होतो. पदार्थात आपोआप डावे आणि उजवे पट्टे तयार होतात.

हे वाचून समजत नाही, हाताने करून बघावं लागतं. जाड कागदाची एक पट्टी मधोमध दुमडा. ती टेबलावर अशी उभी धरा की कोपर उजवीकडे येईल, गणितातल्या ‘ग्रेटर दॅन’च्या चिन्हासारखी. टेबल म्हणजे थर, पट्टी म्हणजे रेणू. आता कोपर उजवीकडेच ठेवून पट्टीचं वरचं टोक स्वतःकडे झुकवा. ही झाली पहिली मांडणी. दुसरी पट्टी घ्या, कोपर उजवीकडेच, पण वरचं टोक पलीकडे झुकवा. ही दुसरी. आता पहिली पट्टी तशीच झुकलेली ठेवून टेबलावर गोल गोल फिरवा, आणि ती दुसरीसारखी होते का बघा. होत नाही. अर्धा फेरा दिला तर झुकाव पलीकडे जातो खरा, पण कोपर डावीकडे गेलेलं असतं. उलटी करून ठेवली तरी जमत नाही. दोघींमध्ये आरसा धरला तर मात्र बरोबर जुळतात.

म्हणजे दोन अगदी एकसारख्या, बिनहाताच्या पट्ट्या, आणि त्यांच्या दोन मांडण्या डाव्या-उजव्या चपलांसारख्या! डावं-उजवेपण रेणूत नव्हतंच. थर कुठे आहे, कोपर कुठे आहे आणि झुकाव कुठे आहे, या तीन दिशा एकत्र आल्या की ते जन्माला येतं. यातली एक दिशा काढून घ्या, पट्टी सरळ उभी करा, की ते गायब.

यात एवढं काय, असं वाटू शकतं. पण १८४८ साली लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने एकेक करून वेगळे केले होते, आणि तेव्हापासून हा प्रश्न विज्ञानाच्या मानगुटीवर बसलाय. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी डाव्या हाताची, डीएनएमधली साखर उजव्या हाताची. सजीव सृष्टीने एक हात निवडला. पण सुरुवातीला, जेव्हा दोन्ही हात सारखेच होते, तेव्हा फाटाफूट कशी झाली असेल? वाकड्या रेणूंनी दाखवलं की बिनहाताच्या कच्च्या मालातूनही नुसत्या रचनेमुळे डावे-उजवे गट पडू शकतात, तेही वाहत्या द्रवात. स्फटिकात हे माहीत होतं, द्रवात नव्हतं.

पण इथे ब्रेक लावतो. ‘केळ्याच्या रेणूंनी जीवसृष्टीचं कोडं सोडवलं’ अशी हेडलाइन दिसली तर शेअर करू नका. या पदार्थात डावे पट्टे जितके, सरासरी तितकेच उजवे. नाणं हवेत उडवल्यासारखं. फाटाफूट कशी होते हे दिसतं, एकच बाजू का जिंकते हे दिसत नाही. त्यात थोडासा कायरल पदार्थ मिसळला तर पारडं एका बाजूला झुकतं, पण मग तो कायरल पदार्थ आला कुठून, हा प्रश्न उरतोच.

जुन्या बाटलीत काय होतं

या गोष्टीतला माझा आवडता भाग जर्मनीतल्या हाले शहरातला. तिथल्या विद्यापीठात डानिएल फोरलेंडर हे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लिक्विड क्रिस्टल बनवत होते, शेकड्यांनी. रेणू जितका सरळ तितकं लिक्विड क्रिस्टल चांगलं, हा नियम त्यांचाच. नियम तपासायचा तर तो मोडणारे रेणूही हवेत, म्हणून त्यांनी मुद्दाम वाकडे रेणू बनवले आणि १९२९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला: वाकड्यांची कामगिरी सुमार. विषय बंद. पुढची साठेक वर्षं त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मात्सुनागा यांच्या गटाने असे रेणू पुन्हा बनवले, आणि टोकियोच्या गटाला त्यांच्यातच खजिना सापडला.

मग २००१ मध्ये हालेच्याच शास्त्रज्ञांनी, पेल्झ्ल आणि वाइसफ्लोग यांच्या गटाने, फोरलेंडर यांच्या मूळ साठ्यातला एक पदार्थ काढून आधुनिक उपकरणांनी तपासला. त्यात ‘बनाना’ अवस्था होती! सत्तर वर्षांपूर्वीच बनवलेल्या पदार्थात. फोरलेंडर चुकले असं मी म्हणणार नाही. थरांची रचना दाखवणारी आजची एक्स-रे उपकरणं तेव्हा त्यांच्याकडे नव्हती, आणि ज्या गोष्टीचं नावच अस्तित्वात नाही ती शोधणार कशी?

बंगळुरूचा हात

लिक्विड क्रिस्टलच्या नकाशावर भारताचं नाव ठळक आहे, पण ते शाळेत कुणी सांगत नाही. १९७७ पर्यंत सगळ्या जगाचा समज होता की लिक्विड क्रिस्टलचे रेणू काडीसारखेच असतात. बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचं लिक्विड क्रिस्टल बनवलं, आणि ते छापलं ‘प्रमाण’ या भारतीय जर्नलमध्ये. हे रेणू नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे, पण त्यांची ओळख या कामाने झाली. थाळीसारख्या रेणूंची फिल्म पुढे एलसीडीत गेली: बाजूने बघितलं की जुन्या स्क्रीनचे रंग उलटे दिसायचे, ते कमी करायला फुजीफिल्मने अशी फिल्म बाजारात आणली.

त्याच संस्थेत सदाशिव यांनी नंतर वाकडे रेणूही बरेच बनवले. २००० मध्ये आर. प्रतिभा, एन. व्ही. मधुसूदन आणि सदाशिव यांचा पेपर ‘सायन्स’मध्ये आला. सरळ काड्यांच्या थरांमध्ये थोडे वाकडे रेणू मिसळले तर ते कसे बसतात आणि त्यांची दिशा कशी पालटते, याबद्दलचा. म्हणजे काडी, थाळी आणि केळं, या तिन्ही आकारांच्या इतिहासात बंगळुरू आहे. आयटी कंपन्यांच्या पलीकडचं बंगळुरू.

थर नको, तरी पीळ हवा

आतापर्यंत थरांची गोष्ट झाली. २००१ मध्ये इव्हान डोझोव्ह यांनी विचारलं, थर नसलेल्या साध्या नेमॅटिकमध्ये वाकडे रेणू टाकले तर? डोझोव्ह नेमॉप्टिक या फ्रेंच डिस्प्ले कंपनीत होते. त्यांचं म्हणणं असं: वाकड्या रेणूंना शेजारी-शेजारी वाकूनच बसायला आवडतं. पण सगळी जागा सतत एकाच दिशेने वाकलेली ठेवता येत नाही, भूमितीच आडवी येते. मग एक तोडगा: वाकत वाकत वळत जायचं. म्हणजे स्प्रिंग. रॉबर्ट मायर यांनीही १९७०च्या दशकात अशी शक्यता बोलून दाखवली होती.

ती सापडली ज्या रेणूत, त्याची घडण मजेशीर आहे. ग्रे यांचे एलसीडीवाले दोन सायनोबायफिनाइल घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये कार्बनच्या सात दुव्यांची साखळी टाकायची. कार्बनची साखळी नागमोडी असते, एक दुवा वर, एक खाली. दुवे सम असले, सहा किंवा आठ, तर दोन्ही टोकं एकमेकांना समांतर राहतात आणि रेणू सरळ होतो. विषम असले, पाच किंवा सात, तर टोकं कोनात जातात आणि रेणू वाकतो. एका कार्बनच्या फरकाने आख्ख्या पदार्थाचा स्वभाव बदलतो. प्रोग्रामिंगमध्ये याला आपण ‘ऑफ बाय वन’ म्हणून डोक्याला हात लावतो, इथे तीच खरी करामत.

सात दुव्यांचा हा पदार्थ ११६ अंश सेल्सिअसच्या आसपास साधा नेमॅटिक होतो, आणि आणखी थंड केला की १०३ अंशांच्या आसपास दुसऱ्याच अवस्थेत जातो. २०११ ते २०१३ या काळात युरोप आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवलं की ही अवस्था म्हणजे खरोखर पीळ आहे, आणि एक वेढा फक्त ८ नॅनोमीटरच्या आसपासचा. डीएनएचा वेढा ३.४ नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या अडीचपट. इथेही रेणू कायरल नाहीत, आणि इथेही काही भागात पीळ डावा, काही भागात उजवा. याला ‘ट्विस्ट-बेंड नेमॅटिक’ म्हणतात.

वाकड्या रेणूंची सगळ्यात विचित्र अवस्था मात्र ‘बी-४’ नावाची. बनाना अवस्थांना बी-१, बी-२ असे नुसते क्रमांक दिलेत, कारण शोध इतके भराभर लागत होते की बारशाला वेळच नव्हता. बी-४ मध्ये रेणूच्या दोन बाहूंना वेगवेगळ्या दिशेला पसरायचं असतं, त्यामुळे सपाट थर त्यांना सोसत नाही. थर घोड्याच्या खोगिरासारखा वाकतो, आणि खोगिरावर खोगीर रचत गेलं की पिळलेल्या दोऱ्या तयार होतात, नॅनोमीटरच्या मापाच्या. २००९ मध्ये बोल्डरच्या गटाने त्यांची रचना उलगडली. या दोऱ्यांच्या मधल्या फटींमध्ये दुसरे द्रव शोषले जातात, म्हणून तिचा उपयोग पिळलेल्या साच्यासारखा करून बघण्याचे प्रयोग चालू असतात.

मग फोनमध्ये का नाही?

पहिली अडचण तापमान. बनाना पदार्थांच्या ज्या अवस्थांनी १९९६-९७ मध्ये नाव कमावलं, त्या १०० अंशांच्या बऱ्याच वर जगतात. गेमिंग करताना फोन तापतो हे मान्य, पण इतकाही नाही. मिश्रणं करून तापमान खाली आणता येतं, त्यात बाकीचे गुण पातळ होतात.

दुसरी अडचण शिस्तीची. नेमॅटिक काड्यांना ओळीत उभं करायला काचेवर पॉलिमरचा थर देऊन तो कापडाने एका दिशेने घासतात, आणि काड्या त्या दिशेला लागतात. कारखान्याला परवडणारी साधी युक्ती. वाकडे थर असं ऐकत नाहीत. त्यांचे छोटे-छोटे पट्टे पडतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि शेजारी डावे-उजवे. सूक्ष्मदर्शकाखाली हे रंगीबेरंगी दृश्य सुंदर दिसतं, पण पिक्सेलला हवा असतो एकसारखा काळा, आणि या पट्ट्यांच्या सीमांमधून उजेड झिरपतो. शिवाय सुरुवातीच्या अनेक रेणूंत बाहू जोडणारा जो रासायनिक सांधा होता, तो पाण्याच्या अंशाने तुटतो.

तिसरी अडचण केमिस्ट्रीची नाहीच. फेरोइलेक्ट्रिक वेगाचं खरं आमिष असं होतं: स्विचिंग पुरेसं फास्ट असेल तर लाल, हिरवा, निळा उजेड एकामागून एक फ्लॅश करायचा आणि रंगीत फिल्टर काढूनच टाकायचा. एलसीडीतला कलर फिल्टर पांढऱ्या उजेडातला साधारण दोन-तृतीयांश भाग गिळतो. तो वाचला असता तर बॅटरीचं गणितच बदललं असतं. पण दरम्यान ओएलईडी आली. तिथे पिक्सेल स्वतःच उजेड देतो, लिक्विड क्रिस्टलची गरजच नाही, आणि वेगात ती एलसीडीच्या कितीतरी पुढे. महागड्या फोनांचा बाजार तिकडे गेला. एलसीडी उरली ती स्वस्त फोन, लॅपटॉप, टीव्ही यांच्यात, आणि तिथे नवं, नाजूक, महाग केमिकल कुणाला नको असतं.

एक आशा अधूनमधून डोकं वर काढते ती ‘फ्लेक्सोइलेक्ट्रिक’ परिणामाची: पदार्थ वाकवला की वीज, वीज दिली की वाकणं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात अंटाल याक्ली यांच्या गटाने वाकड्या रेणूंच्या नेमॅटिकमध्ये हा परिणाम नेहमीच्या तुलनेत हजारपटींच्या घरात मोजला. चालण्याच्या हालचालीतून वीज, अशा बातम्या यातूनच येतात. पण इतर पद्धतींनी मोजणाऱ्यांना आकडे इतके मोठे मिळाले नाहीत, आणि वाद चालू आहे. चार्जर फेकून देऊ नका.

आणि आता यातला विनोद ऐका. ज्या फेरोइलेक्ट्रिक गुणासाठी लोक वाकड्या रेणूंच्या मागे लागले, तो २०१७ ते २०२० दरम्यान साध्या नेमॅटिकमध्येच सापडला, आणि तोही सरळ काड्यांमध्ये. जपान आणि इंग्लंडमधल्या गटांनी बनवलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जबरदस्त विद्युत असमानता असलेल्या काड्या. त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात, निम्म्या वर निम्म्या खाली हा जुना नियम मोडून. मॅक्स बॉर्न यांनी १९१६ सालीच ही शक्यता मांडली होती. २०२० मध्ये त्याचा पक्का पुरावा देणारा गट बोल्डरचा, आणि त्यात पुन्हा नोएल क्लार्क. सध्या या क्षेत्रातली गर्दी तिकडे वळलीय, आणि बनाना रेणूंच्या प्रयोगशाळांमधले बरेच जण आता हीच सरळ काडी तपासतायत.